एकसष्ट नंबरची मुलगी

आमच्या कॉलेजातली एक मुलगी सोशल मीडियामुळे पार खचून गेली आहे, असा निष्कर्ष ज्या सर्वेक्षणातून निघाला ते सर्वेक्षण मी केलं होतं. निष्कर्ष चुकीचा होता. सर्वेक्षण बरोबर होतं. या दोन वाक्यांत विसंगती नाही हे विद्यार्थी कल्याण समितीला पटवून द्यायला मला एक अख्खा गुरुवार लागला. त्या गुरुवारचा लेखी खुलासा मी कार्यालयात दिलेला आहे, पण तो एका ओळीचा आहे. सविस्तर खुलासा हा असा.

मी लखनौमधल्या मुलींच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझा अभ्यासाचा विषय मॉस. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यातला हा एक गट. बाकीचं शेवाळ निराळं, पण तो तास मी इथे घेत नाही. माझा नवरा इंद्रजित हवाई दलात आहे आणि सध्या त्याची बदली आसामात झाली आहे, त्यामुळे या हकिकतीत तो फक्त फोनवर हसतो. घरी मी आणि माझी मुलगी अबोली. ती दुसऱ्या एका कॉलेजात बी.कॉम. करते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

मार्च महिन्यात कॉलेजचं मूल्यांकन व्हायचं होतं. बाहेरून तज्ज्ञ येणार, तेव्हा त्यांना दाखवायला काहीतरी समाजोपयोगी संशोधन हवं, असं जानेवारीत प्राचार्यांच्या लक्षात आलं. विषयही त्यांनीच काढला: सोशल मीडिया आणि विद्यार्थिनींचा आत्मसन्मान. हे कोण करणार, असं विचारल्याबरोबर सगळ्या विभागप्रमुखांनी माना खाली घातल्या. मी खिडकीबाहेरच्या भिंतीवरचं मॉस पाहत होते, म्हणून माझी मान वर होती. मानसशास्त्र विभागातली एकुलती एक जागा चार वर्षं रिकामी आहे. प्राचार्या म्हणाल्या, विभाजी, तुम्ही विज्ञानवाल्या, तुम्हाला आकडे कळतात.

घरी आल्यावर मी अबोलीला हे सांगितलं. तिनं फोनवरची नजर न काढता विचारलं की मी इन्स्टा कधी उघडून पाहिलं आहे का. मी नाही म्हटलं.

"मम्मा," ती म्हणाली, "जो कभी पानी में नहीं उतरा, वो स्विमिंग का पेपर सेट कर रहा है."

मला राग आला, कारण मुद्दा बरोबर होता. कुठलंही उपकरण दुसऱ्यावर वापरण्याआधी ते स्वतः हाताळून बघायचं, त्याचा शून्य जागेवर आहे का तपासायचं, हे मी बावीस वर्षं मुलींना शिकवते आहे. तेव्हा मी त्याच संध्याकाळी खातं उघडलं आणि मागच्या खिडकीखालच्या मॉसचा फोटो टाकला. तिथे उन्हाळाभर कूलर ठिबकतो, भिंत ओल धरते आणि थंडीतल्या कोहऱ्यात, म्हणजे इथल्या दाट धुक्यात, ती सगळी भिंत हिरवी होते. फोटो उत्तम आला होता. शेजारी, अर्थातच, पट्टी ठेवली होती. आकार कळण्यासाठी फोटोत मोजपट्टी ठेवायची असते. पट्टीशिवाय काढलेला फोटो ही नुसती शोभेची वस्तू.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो फोटो दोन जणांना आवडला होता. त्यातली एक मीच होते. चुकून बोट लागलं होतं.

इथे आमच्या शेजारीण नंदावहिनींची ओळख करून द्यायला हवी. त्या मूळच्या कागलच्या. त्यांचे यजमान जयसिंगराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि दोघं इथेच सरोजिनी नगरात घर बांधून राहिले. नंदावहिनी तांदळाच्या डब्यात फोन उभा खोचतात, त्याच्यासमोर ठेचा कुटतात आणि बावीस हजार माणसं ते बघतात. बावीस हजार. माझ्या आजवरच्या सगळ्या शोधनिबंधांचे वाचक एकत्र केले तर आमच्या जिन्यावर दाटीवाटीनं मावतील.

वहिनींनी माझं खातं दोन मिनिटं वरखाली केलं आणि निदान सांगितलं.

"विभाताई, ती पट्टी काढा आधी. शाळेत गेल्यागत वाटतंय. आणि तुमचं तोंड दिसू द्या की जरा."

मी म्हटलं, मॉस चार मिलिमीटर उंच असतं. माझं तोंड त्यात बसणार नाही. जयसिंगराव ओट्याशी चहा पीत उभे होते. त्यांनी सुचवलं की शत्रू जिथे बेसावध असतो तिथून चढाई करावी, म्हणजे फोटो सकाळी सहाला टाकावा. मी सहाला टाकून पाहिला. काही फरक पडला नाही. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, म्हणून मी पाच दिवस सहाला टाकून पाहिले.

एव्हाना अनुयायी अकरा झाले होते. अबोली कर्तव्य म्हणून आली होती आणि वहिनी दयेनं. उरलेल्यांत सकाळी लवकर उठायचे फायदे सांगणारा एक गृहस्थ होता आणि अमीनाबादेतलं चिकनच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या, कुर्त्यांचं एक दुकान होतं. ते दुकान का आलं मला ठाऊक नाही, पण त्याचा मला आधार वाटायचा. मी प्रयोगवहीत तक्ता आखला: दिवस, फोटो, पसंती, आणि मी किती वेळा फोन उघडून पाहिला. शेवटच्या रकान्यात पहिल्या दिवशी चार होते. तिसऱ्या आठवड्यात चौतीस. चौतीस वेळा मी नक्की काय पाहायला गेले होते, याची नोंद वहीत नाही.

दरम्यान प्रश्नावली कार्यालयात अडकून पडली होती. ती हिंदीत हवी, असं बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, सांगितलं. मी हिंदीत केली. मग 'आत्मसम्मान' की 'आत्मगौरव' यावर कागद हिंदी विभागाकडे गेला. तिथले प्रमुख चंद्रशेखरजी कविता करतात, त्यामुळे त्यांनी तिसराच शब्द सुचवला आणि कागद परत बडे बाबूंकडे आला. सहा आठवडे असे गेले. या सहा आठवड्यांत मी फक्त एका गोष्टीवर अडून बसले. फॉर्मवर नाव नको, हजेरी क्रमांक नको. नुसता एक ते एकशेवीस हा छापील आकडा, आणि कुठला कागद कुणाला गेला याची यादी ठेवायची नाही. प्राचार्यांनी भुवया उंचावल्या, पण सही केली.

त्याच सुमारास चिकनचं दुकान मला सोडून गेलं. सकाळी अकरा होते, दुपारी दहा.

हे मी वहिनींकडे बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, अमीनाबाद काही लांब नाही, नाहीतरी मला स्टीलचे डबे घ्यायचेत. मग मेट्रो, त्यानंतर ई-रिक्षा, शेवटचा टप्पा पायी, आणि साडेबाराला आम्ही त्या दुकानाच्या गादीवर बसलो होतो. मी मुकाट्यानं कुर्ते बघत होते. वहिनींनी सरळ विचारलं की आमच्या मॅडमना का सोडलंत. दुकानदार पांढऱ्या दाढीचे, अतिशय अदबीचे गृहस्थ होते. त्यांनी छातीवर हात ठेवला, आपल्याकडून कळत नकळत काही गुस्ताखी झाली असेल तर माफी असावी असं ते म्हणाले, आणि पुतण्याला बोलावून माझ्यासमोर पुन्हा अनुयायी झाले. एवढ्या अदबीपुढे रिकाम्या हातानं उठणं अशक्य होतं. मी दोन कुर्ते घेतले. त्यातला एक मला होत नाही. दुकान दुसऱ्या दिवशी पुन्हा निघून गेलं.

तो रविवार होता. छापून आलेल्या प्रश्नावल्यांचे दोन गठ्ठे टेबलावर होते, साठ आणि साठ. मुलींना देण्याआधी एक फॉर्म स्वतः भरून बघायचा ही माझी पद्धत. पहिल्या गठ्ठ्याला दोरी होती, म्हणून दुसऱ्या गठ्ठ्यातला वरचा घेतला. त्यावर एकसष्ट छापलेलं होतं.

मी प्रामाणिकपणे भरला. दहा विधानं, प्रत्येकाला शून्य ते तीन. 'माझ्यात काही चांगले गुण आहेत असं मला वाटतं.' एरवी मी इथे तीन दिले असते. दुकान गेल्यामुळे एक दिला. रोजचा वेळ: ३.४ तास. शेवटी 'आणखी काही सांगायचं असल्यास' म्हणून दोन ओळींची जागा होती. तिथे मी हिंदीत लिहिलं, 'तेईस तस्वीरें डालीं. लोग दीवार के सामने से निकल जाते हैं, देखता कोई नहीं.' हे मी मॉसबद्दल लिहिलं होतं. बहुतांशी मॉसबद्दल.

बेरीज तीसपैकी नऊ आली.

आता मुख्य चूक सांगते. भरलेला कागद फाडायचा नाही, आकडा आवडला नाही म्हणून तर मुळीच नाही, हे आमच्या प्रयोगशाळेत पाळतात. म्हणून मी तो ठेवला, आणि पुढे भरून आलेल्या फॉर्मांत त्याच्या नंबरावर लावला. तो गणितात धरायचा नव्हता, म्हणून कोपऱ्यात मराठीत 'वगळावे, वि.' असं लिहिलं आणि तारीख घातली. लिहिलं शिसपेन्सिलीनं. वनस्पतींचे नमुने आम्ही स्पिरिटच्या बरणीत ठेवतो. स्पिरिटमध्ये शाई विरघळते, पेन्सिल राहते. त्यामुळे कुठलीही खूणचिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची, हे माझ्या हाताला बावीस वर्षांचं वळण आहे. पेन्सिलीवर स्पिरिटचा परिणाम होत नाही. आमच्या कार्यालयातल्या फोटोकॉपी यंत्राला मात्र फिकी पेन्सिल दिसत नाही, ही माहिती मला तेव्हा नव्हती.

सोमवारी मी वर्गात फॉर्म वाटले. दुसऱ्या वर्षाची गीता रावत, बख्शी का तालाबहून रोज येणारी, सहसा न बोलणारी मुलगी, फॉर्म हातात धरून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मैम, सच में किसी को पता नहीं चलेगा?" मी सांगितलं, माझा शब्द आहे. ती बसली आणि लिहायला लागली.

एकशे एकोणीस फॉर्म आले. मी चार दिवस गणित केलं. फोनवरचे तास आणि आत्मसन्मान यांचा आमच्या मुलींमधला संबंध ०.०८ निघाला. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. सरासरी गुण एकवीस. मुली बऱ्यापैकी मजेत होत्या. मला आनंद झाला. समितीला झाला नाही.

बैठकीत प्राचार्या, समाजशास्त्राच्या हेमा मॅडम, चंद्रशेखरजी आणि मी. समोसे होते. मूळ फॉर्म बडे बाबूंनी कपाटात बंद केले होते आणि प्रत्येकापुढे फोटोकॉपींची चळत होती. प्राचार्या म्हणाल्या की तज्ज्ञ दुरून येणार आणि आपण त्यांना सांगणार की काहीच नाही? तेवढ्यात हेमा मॅडमनी चळतीतून एक कागद वर काढला आणि वाचला. तेईस तस्वीरें डालीं. लोग दीवार के सामने से निकल जाते हैं. त्यांचा आवाज भरून आला. चंद्रशेखरजींनी डोळे मिटले आणि म्हणाले की या मुलीच्या ठायी कवीची वेदना आहे.

मी माझ्या चळतीतला एकसष्ट नंबर काढून पाहिला. कोपरा पांढराशुभ्र होता.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. ते तीन शब्दांचं काम होतं. पण तीसपैकी नऊ, दीवार, वेदना, आणि समोर मला बावीस वर्षं 'आकडेवाली मॅडम' म्हणून ओळखणारी माणसं. मी खोटं बोलले नाही. मी समोसा खाल्ला.

मग त्यांनी तपास केला, आणि तपास चांगला केला हे मी मान्य करते. वेळ ३.४ तास असा दशांशात लिहिलेला. दशांशात कोण लिहितं? वनस्पतिशास्त्रवाल्या, कारण मी लिहायला लावते. अक्षर शाईपेनचं. आजकाल शाईपेन कोण वापरतं? गीता रावत, कारण उत्तम प्रयोगवहीचं बक्षीस म्हणून ते मी तिला दिलं होतं. आणि हेमा मॅडमनी स्वतः पाहिलं होतं, हीच मुलगी कँटीनमागच्या भिंतीसमोर फोन धरून एकटी उभी असते. तिथे तिला मॉसचे फोटो काढायला मीच पाठवलं होतं. एकूण तीन पुरावे, आणि तिन्हींचा उगम माझ्याकडे.

मी म्हटलं, नावं न शोधण्याचं आपण ठरवलं होतं, मी मुलींना शब्द दिला आहे. प्राचार्या म्हणाल्या, विभाजी, हा एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. गुरुवारी अकरा वाजता तिच्या वडिलांना बोलावू.

बुधवारी गीता प्रयोगशाळेत आली आणि दाराशीच उभी राहिली. तिच्या घरी फोन गेला होता. तिच्या वडिलांचं एअर फोर्स स्टेशनच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी तिला फोन घेऊन दिला तो एका अटीवर: त्या फोनवरून एक जरी तक्रार आली तर फोन बंद आणि कॉलेजही बंद. थोरल्या बहिणीचं तसंच झालं होतं, ती आता घरी असते.

"आपने कहा था किसी को पता नहीं चलेगा," ती म्हणाली. "और मैम, वो मैंने लिखा ही नहीं."

मी तिला सांगितलं, मला माहीत आहे. कसं, ते तिनं विचारलं नाही. मुलगी चांगली आहे, पण विज्ञानात तिनं आणखी प्रश्न विचारायला शिकायला हवं.

संध्याकाळी मी वहिनींचा सल्ला घेतला, कारण न घेताही तो मिळालाच असता. त्या म्हणाल्या, फॉर्म वाळवीनं खाल्ले म्हणून सांगा. जयसिंगराव म्हणाले, तहाची बोलणी लांबवा, मूल्यांकन होऊन जाऊ द्या. इंद्रजित फोनवर हसला, मग थांबला आणि म्हणाला, सांगून टाक. मी ती फोटोकॉपी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून भाजी चिरायला घेतली. अबोलीनं ती उचलली आणि दोनदा वाचली.

"ये तो तुम हो," ती म्हणाली. "मम्मा, नौ?"

मी म्हटलं, दुकान गेलं होतं.

"मेरा एक बार सात आया था. ऐसा ही एक टेस्ट था, फोन पे."

मी सुरी खाली ठेवली. मग काय झालं, विचारलं.

"फिर कुछ नहीं. अगले हफ्ते एग्ज़ाम था." तिनं कागदाची घडी घातली. "तुम्हारी फोटो मैं देखती हूँ. लाइक करना भूल जाती हूँ."

मी सात हा आकडा वहीत लिहिला नाही. सगळे आकडे वहीत लिहायचे नसतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

गुरुवारी अकरा वाजता मी प्राचार्यांच्या खोलीत गेले, बोलावणं नसताना. समिती बसली होती. गीता उभी होती. तिचे वडील खुर्चीच्या कडेवर, मांडीवर हेल्मेट धरून बसले होते. त्यांच्या नखांत काळं ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर निर्णय तयार होता. मी दार लावून घेतलं.

"इकसठ नंबर मैं हूँ," मी म्हटलं.

कुणीही विश्वास ठेवला नाही. प्राचार्यांचे डोळे पाणावले. त्या म्हणाल्या की विद्यार्थिनीसाठी स्वतःवर एवढं ओढवून घेणारे शिक्षक आता कुठे राहिले. चंद्रशेखरजी म्हणाले, हेच आपलं मोठेपण. माझी अशी स्तुती बावीस वर्षांत कुणी केली नव्हती, आणि ती नेमकी मी खरं बोलत असताना झाली. मी म्हटलं, मोठेपणा नाही, ही वस्तुस्थिती आहे, आणि मी ती सिद्ध करते. मूळ कागद मागवा.

मूळ कागद कपाटात. किल्ली बडे बाबूंकडे. बडे बाबू आले आणि म्हणाले की जमा झालेला दस्तऐवज बाहेर काढायचा तर प्राचार्यांच्या नावे अर्ज हवा. मी म्हटलं, प्राचार्या तुमच्यासमोर बसल्या आहेत. ते म्हणाले, तेच बरं, लगेच सही होईल. मी अर्ज लिहिला. शाईपेनानं. प्राचार्यांनी सही केली, बडे बाबूंनी आवक क्रमांक घातला आणि ते गेले. त्यांना यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात गीताच्या वडिलांनी हेल्मेटची काच तीन वेळा पुसली.

कागद आला. मी तो खिडकीशी उजेडात तिरपा धरला. कोपऱ्यात पेन्सिलीची अक्षरं चमकली: वगळावे, वि. चंद्रशेखरजींनी चष्मा सरसावून वाचलं आणि ही बख्शी का तालाबकडची बोली असावी असं मत दिलं. मी म्हटलं, ही मराठी आहे, आणि या कॉलेजात मराठी लिहिणारी एकच व्यक्ती आहे, ती पगारपत्रकावर एकोणिसाव्या ओळीत सापडेल. मग कागदाशेजारी आत्ताच लिहिलेला अर्ज ठेवला. तीच शाई, तेच अक्षर. मग फोन काढला आणि माझं खातं टेबलाच्या मधोमध ठेवलं. तेवीस फोटो, दहा अनुयायी. त्यातले दोन हक्काचे, म्हणजे एक घरचा आणि एक शेजारचा.

टेबलावरच्या त्या दहा अनुयायांत माझी आजवरची सगळी प्रतिष्ठा बुडाली. तिला जाताना मी पाहिलं. फारसं दुःख झालं नाही.

हेमा मॅडमनी माझा हात हातात घेतला. मग प्राचार्या हळू आवाजात म्हणाल्या की विभाजी, मग तर तुम्हालाच मदतीची गरज आहे, आपण समुपदेशक बोलावू, आणि खरं तर शिक्षकांवरचा परिणाम हाही अहवालात एक चांगला मुद्दा होईल. मला दिसलं की समितीला तिची केस मिळाली होती, फक्त वय वाढलं होतं.

तेव्हा मी बोलले. मी सहसा बैठकीत बोलत नाही, त्यामुळे ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे.

मी म्हटलं, नऊ हा आकडा एका रविवारचा आहे. त्या रविवारी मला जे वाटलं ते मी लिहिलं, आणि त्याची मला लाज नाही. एकशे एकोणीस मुलींनीही मला आपलं खरं वाटणं लिहून दिलं, कारण मी शब्द दिला होता की कुणी शोधायला येणार नाही. तुम्ही शोधायला गेलात आणि चुकीच्या घरी पोचलात. मुलींची सरासरी एकवीस आहे. अहवालात तेच जाईल. एखादी मुलगी खरंच बुडत असेल तर ती स्वतःहून बोलायला येईल असं दार कॉलेजात ठेवा. मानसशास्त्राची जागा चार वर्षं रिकामी आहे, तिथून सुरुवात करा. आणि आत्मसन्मान एवढा मोजायचाच असेल तर माझ्या पिशवीत कोरे फॉर्म आहेत. पहिला नमुना समितीचा घेऊ.

मी तीन फॉर्म टेबलावर ठेवले. कुणी हात लावला नाही. चंद्रशेखरजींचं इन्स्टावर कवितांचं एक पान आहे, हे मला त्या सहा आठवड्यांत कळलं होतं. त्यांच्याकडे पाहून मी काहीही म्हटलं नाही. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

गीताच्या वडिलांनी या सगळ्यात माझा फोन उचलला होता. ते एकेक फोटो सावकाश सरकवून पाहत होते.

"ये तो हमारे हैंडपंप के नीचे भी होता है," ते म्हणाले. मग फोटोतल्या पट्टीवर बोट ठेवून, "ये पटरी किसलिए रखी है?"

मी सांगितलं, माप कळावं म्हणून. नाहीतर बघणाऱ्याला झाड वाटेल की गवत, काय सांगता येतं.

त्यांनी मान हलवली. त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला समजून घेऊन मान हलवली. "नाप के बिना काम नहीं होता," ते म्हणाले. "हम भी पहिये में छर्रा बिना नापे नहीं डालते." मग मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, तूही हेच काढतेस का त्या भिंतीवर? गीतानं स्वतःचा फोन पुढे केला. चौदा फोटो होते. प्रत्येकात पट्टी होती. ते उठले, हेल्मेट काखेत घेतलं आणि तिला म्हणाले की क्लास असेल तर जा, उशीर होतोय.

गीता गेली. मग मीही गेले, कारण माझाही तास होता.

मला नोटीस मिळाली: सर्वेक्षणात स्वतःचा फॉर्म मिसळल्याबद्दल खुलासा करावा. मी लिहिलं, 'फॉर्मवर वगळण्याची सूचना स्पष्ट आहे, यंत्र बदलावे.' फोटोकॉपींचे सगळे संच मी परत मागून घेतले, अर्ज करून. अहवाल सरासरी एकवीस या आकड्यासह गेला आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तो उघडला नाही.

खातं मी बंद केलं नाही. बंद करावं असं सगळ्यांचं मत होतं. समितीचं म्हणणं होतं की माझ्या प्रकृतीसाठी ते बरं. वहिनींचा आग्रह होता की निदान आता तरी पट्टी काढा, प्रकरण सगळीकडे झालंय, लोक बघायला येतील तर चेहरा दिसू द्या. वहीतला शेवटचा रकाना आता सहावर आहे. अनुयायी तेरा झालेत. त्यातली एक गीता आहे आणि एक रावत सायकल वर्क्स. चिकनचं दुकान नाही, आणि त्याची मला गरज नाही.

वहिनींचा सल्ला मी रात्रभर विचारात घेतला. सकाळी भिंतीशी गेले आणि पट्टी बदलली. पंधरा सेंटिमीटरची काढली, तीसची ठेवली.